गुलामांच्या तारवाचा कप्तान : जॉन न्यूटन याचें चरित्र



नाशिक शहराजवळच्या शरणपुराचें नांव आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. सन १८५४ त चर्च मिशनरी सोसायटीनें ही ख्रिस्ती वसाहत स्थापिली. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम भरून नेणारीं अरबी गलबतें त्या काळीं इंग्रजांचीं लढाऊ जहाजें पकडीत. त्यांतून सोडविलेलीं मुलें मुंबईस उतरविलीं जात, आणि त्यांपैकीं कित्येकांस शरणपुरास पाठवीत. तेथें तीं अक्षरें शिकलीं, शास्त्र शिकलीं, हातचे धंदे शिकलीं. जेकब वेनराइट हा त्यांच्यापैकींच एक. डॉक्टर लिव्हिंग्स्टन १८७३ त आफ्रिकेच्या अंतर्भागांत वारले, तेव्हां त्यांचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्या विश्वासू माणसांत तो होता. आणि पुढल्या वर्षीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेंत त्यांस पुरतेवेळीं शवपेटीबरोबर तो चालला.

ज्या सोसायटीनें या मुलांस आसरा दिला ती लंडनांत सन १७९९ त निघाली. पाळकांच्या ज्या बैठकींतील विचारविनिमयांतून ती निघाली, ती बैठक सोळा वर्षांपूर्वीं ज्यांनीं सुरू केली त्यांत एक पाळक असा होता कीं, तो तरुणपणीं स्वतः गुलाम वाहणाऱ्या तारवाचा कप्तान होता. त्याचें नांव जॉन न्यूटन. त्यानें रचिलेलें कृपेविषयींचें एक गीत, ज्यास इंग्रजींत अमेझिंग ग्रेस म्हणतात, आज पृथ्वीच्या चारी दिशांस गाइलें जातें. त्याची हकीकत उपदेशांत पुष्कळ वेळां सांगतात, ती अशी : समुद्रांत वादळ झालें, न्यूटन देवाकडे वळला, त्यानें तो दुष्ट धंदा टाकला आणि गीत लिहिलें. ऐकावयास ही गोष्ट गोड लागते. परंतु ती तशी घडली नाहीं. खरी हकीकत फार लांबलेली आहे, आणि तींत खेद करण्यासारखें पुष्कळ आहे. म्हणूनच ती येथें सांगण्याचें योजिलें आहे.

न्यूटनचा जन्म सन १७२५ च्या जुलै महिन्यांत लंडन शहरीं, थेम्स नदीच्या कांठीं वॉपिंग नांवाच्या खलाशांच्या वस्तींत झाला. बाप भूमध्य समुद्रांत व्यापारी जहाज चालवी. तो कडक शिस्तीचा, आणि बहुतेक काळ घराबाहेर. आई क्षयाच्या दुखण्यानें खंगलेली, परंतु मोठी भाविक. मुलगा चार वर्षांचा होतो न होतो तोंच तिनें त्याला वाचावयास शिकविलें. शास्त्रवचनें, प्रश्नोत्तरावली आणि आयझॅक वॉट्स याचीं मुलांसाठीं रचिलेलीं गीतें ती त्याजकडून तोंडपाठ करवून घेई. आपला मुलगा सुवार्तेचा सेवक व्हावा अशी तिची मनीषा होती. परंतु तो सात वर्षांचा होण्यापूर्वींच, १७३२ त, ती मरण पावली. बापानें दुसरें लग्न केलें. अकराव्या वर्षीं पोर बापाबरोबर जहाजावर गेलें.

आईनें पेरलेलें बीज पुढें कित्येक वर्षें दिसेनासें झालें. तो कधीं धर्माचे कडक नियम पाळी, कधीं ते सर्व झुगारून देई. सतराव्या वर्षीं केंट परगण्यांत आईच्या एका मैत्रिणीच्या घरीं त्यानें तिची मुलगी मेरी कॅटलेट हिला पाहिलें. ती तेव्हां चौदा वर्षांचीही नव्हती. तिच्याविषयींचें प्रेम त्याच्या मनांतून पुढें कधींच गेलें नाहीं; आणि ज्या काळीं त्याला देवाचें भय उरलें नव्हतें त्या काळीं केवळ या मुलीच्या आठवणीनेंच त्याला जीव देण्यापासून परावृत्त केलें, असें त्यानें मागाहून लिहून ठेविलें आहे.

सन १७४४ त सरकारी टोळीनें त्याला रस्त्यांतून धरून आरमारांत घातलें. त्या काळीं इंग्लंडांत अशी जबरदस्ती चाले. हार्विच नांवाच्या लढाऊ जहाजावर एका सोबत्यानें त्याला नास्तिक मतांचीं पुस्तकें व गोष्टी शिकविल्या. न्यूटननें आपला उरलासुरला विश्वास टाकला. इतकेंच नव्हे, तर दुसऱ्यांचा विश्वास मोडण्यांत त्याला आनंद वाटूं लागला. जहाज पूर्वेकडे म्हणजे आपल्या हिंदुस्थानाकडे निघणार, पांच वर्षें मेरीची भेट नाहीं, हें कळतांच तो पळाला. पकडला गेला. सर्व खलाशांसमोर त्याला नागवें करून फटके मारले व त्याचा लहानसा हुद्दाही काढून घेतला. मडीरा बेटाशीं जहाज थांबलें असतां त्याची अदलाबदल करून त्याला आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यास जाणाऱ्या एका गुलामांच्या व्यापारी गलबतावर चढविलें. तेथें आपल्याला ओळखणारें कोणी नाहीं, आतां वाटेल तितकें वाईट होतां येईल, हाच विचार त्या वेळीं त्याच्या मनांत आला.

त्या किनाऱ्यावर, सिएरा लिओनच्या दक्षिणेस प्लँटेन नांवाचीं बेटें आहेत. तेथें गुलामांचा व्यापार करणाऱ्या एका गोऱ्या मनुष्याकडे न्यूटन चाकरीस राहिला. थोड्याच दिवसांत तो तापानें पडला. धनी परगांवीं गेला, आणि धन्याची आफ्रिकन बायको, जी त्या मुलखांत मोठ्या मानाची होती, तिच्या तो मनांतून उतरला. त्याला निजावयास चटई आणि उशाला लांकडाचा ठोकळा. पिण्यास पाणी मागावें तर तेंही मिळूं नये. तिच्या ताटांतलें उष्टें कधीं मिळे. रात्रीं तो लपतछपत मळ्यांत जाई, कंद उपटी आणि कच्चेच खाई. ते पोटांत ठरत नसत. पुढें धनीही त्याच्यावर चोरीचा आळ घेऊन, स्वतः किनाऱ्यावर गेला म्हणजे त्याला गलबताच्या फळीशीं साखळीनें बांधून ठेवी. मग पाऊस असो कीं वारा असो. आश्चर्य हें कीं अशा स्थितींतही त्याच्याजवळ युक्लिडच्या भूमितीचें एक पुस्तक होतें, आणि वाळूंत काठीनें आकृत्या काढीत त्यानें त्याचे सहा भाग शिकून टाकिले.

या दिवसांतली एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. त्याच बेटावर विक्रीसाठीं साखळ्यांत बांधून ठेविलेले गुलाम होते. त्यांस जें मूठभर अन्न मिळे, त्यांतून ते चोरून थोडें न्यूटनला आणून देत. ते स्वतः उपाशी, पायांत बेड्या, उद्यां समुद्रापलीकडे जाणार. आणि ते या आजारी गोऱ्या पोराला घांस देत होते. ही गोष्ट आपणांस ठाऊक झाली ती न्यूटननें स्वतः लिहून ठेविली म्हणून. ज्यांनीं त्याला वांचविलें, त्यांच्याच भाईबंदांस त्यानें पुढें विकत घेतलें.

बापानें मुलाचा शोध करण्यास कांहीं कप्तानांस सांगून ठेविलें होतें. १७४७ त ग्रेहाउंड नांवाच्या जहाजाच्या कप्तानानें त्याला शोधून काढलें. एव्हांना न्यूटन दुसऱ्या व्यापाऱ्याकडे बऱ्या स्थितींत होता आणि त्याला परत जाण्याची इच्छाही उरली नव्हती. कप्तानानें थोडी खरी, थोडी खोटी आशा दाखवून त्याला नेलें. हें जहाज गुलामांचें नव्हतें. त्यावर सोनें, हस्तिदंत, मेण आणि रंगाचें लांकूड भरलें होतें. वर्षभर तें किनाऱ्यानें व्यापार करीत हिंडलें. न्यूटन इतका शिवराळ व देवनिंदक होता कीं, कप्तान स्वतः कांहीं साधु नसतांही त्याला कंटाळला.

सन १७४८ च्या मार्च महिन्यांत, हल्लींच्या पंचांगाप्रमाणें ता. २१ रोजीं, परतीच्या वाटेवर उत्तर अटलांटिक समुद्रांत रात्रीं मोठें वादळ झालें. लाटेच्या तडाख्यानें जहाजाची एक बाजू फुटली आणि न्यूटन निजला होता त्या खोलींत पाणी भरलें. तो वर धांवत असतां कप्तानानें त्याला सुरी आणावयास परत पाठविलें. त्याच्या जागीं जो दुसरा मनुष्य वर गेला, त्याला त्याच क्षणीं लाट घेऊन गेली. पंपावर पाणी उपसतां उपसतां सकाळ झाली. मेण व लांकूड हीं पाण्याहून हलकीं, म्हणून जहाज कसेंबसें तरंगत राहिलें. कांहीं बोलतां बोलतां न्यूटनच्या तोंडून असें निघून गेलें कीं, एवढ्यानें भागलें नाहीं तर प्रभूनेंच आम्हांवर दया करावी. बोलून झाल्यावर तो दचकला. कित्येक वर्षांत देवाचें नांव त्यानें शिवीखेरीज घेतलें नव्हतें. माझ्यावर कसली दया व्हावयाची, असा प्रश्न त्याच्या मनांत उभा राहिला.

दुपारीं त्याला सुकाणूंस उभें केलें, आणि मध्यरात्रीपर्यंत तो तेथें होता. एकट्यानें विचार करण्यास भरपूर वेळ मिळाला. आईनें पाठ करवून घेतलेलीं वचनें एकेक करून वर येऊं लागलीं. परंतु प्रथम आलीं तीं सांत्वनाचीं नव्हेत, न्यायाचीं. नीतिसूत्रांच्या पहिल्या अध्यायांत ज्ञानाची हांक झिडकारणाऱ्यांविषयीं जें म्हटलें आहे तें. इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायांत मागें पडलेल्यांविषयीं आहे तें. पेत्राच्या दुसऱ्या पत्रांतलें. तीं जणूं आपलें नांव घेऊनच लिहिलीं आहेत असें त्याला वाटलें. क्षमेची वेळ निघून गेली असें त्यानें ठरविलें. पुढें चार आठवडे फुटकें जहाज वाऱ्याबरोबर भटकत होतें, अन्न संपत आलें होतें, आणि कप्तान त्याला योनाची उपमा देऊन सर्व संकट याच्यामुळेंच आलें म्हणून टोंचीत होता. तेवढ्या दिवसांत त्यानें नवा करार वाचला. लूकच्या अकराव्या अध्यायांत, मागणाऱ्यांस स्वर्गीय पिता पवित्र आत्मा देईल, असें जें अभिवचन आहे, तेथें त्याला प्रथम पाय टेकावयास जागा मिळाली. त्याचा हिशेब साधा होता : हें पुस्तक खरें असेल तर हें वचनही खरें, आणि मग मागून पाहावयास हरकत नाहीं. त्या वेळच्या जुन्या पंचांगाप्रमाणें ता. ८ एप्रिल रोजीं जहाज आयर्लंडच्या लॉक स्विली बंदरांत शिरलें, तेव्हां शेवटचें अन्न चुलीवर शिजत होतें.

येथें बहुतेक उपदेशक थांबतात. परंतु त्याच वर्षीं न्यूटन लिव्हरपूलहून पुन्हां आफ्रिकेस गेला, आणि या वेळीं गुलामांच्या तारवावर दुय्यम अधिकारी म्हणून गेला. १७५० त त्याचें मेरीशीं लग्न झालें. त्यानंतर चार वर्षांत त्यानें स्वतः कप्तान होऊन तीन सफरी केल्या. एक ड्यूक ऑफ अर्गाइल या तारवावर आणि दोन आफ्रिकन नांवाच्या तारवावर. किनाऱ्यावर माणसें विकत घ्यावयाचीं, तीं तारवाच्या पोटांत भरावयाचीं, अटलांटिकपार वेस्ट इंडीजच्या बेटांवर नेऊन विकावयाचीं, हा धंदा. पोटांतली जागा सुमारे पांच फूट उंच; तींतही मधोमध फळ्या टाकून दोन थर केलेले. तेथें माणसें पुस्तकांच्या फडताळासारखीं एकमेकांस चिकटवून निजवीत, पुरुषांस दोघां-दोघांस एका बेडींत. सकाळीं पाहावें तों जिवंत व मेलेला एकाच बेडींत सांपडावेत, असेंही घडे.

याच तारवावर रविवारीं कप्तान न्यूटन खलाशांस जमवून प्रार्थना चालवी. खोलींत बसून तो शास्त्र वाची, लॅटिन शिके, आणि बायकोला मोठीं प्रेमळ पत्रें लिही. फळीच्या वर प्रार्थना, आणि फळीच्या खालीं तीं माणसें. १७५२ च्या डिसेंबरांत गुलामांनीं बंड योजिल्याचा त्याला संशय आला. तेव्हां कबुलीजबाब काढण्यासाठीं त्यानें कांहीं लहान मुलांच्या आंगठ्यांस चाप लावविले. हें त्याच्या शत्रूनें लिहिलेलें नाहीं. त्याच्या स्वतःच्या रोजनिशींत, साध्या कामकाजाच्या नोंदीप्रमाणें, हें लिहिलेलें आहे.

असा प्रार्थनाशील मनुष्य हें कसें करूं शकला? वाचक विचारतील, आणि विचारावेंच. न्यूटनचें उत्तर असें कीं, त्या वेळीं त्याच्या मनास शंकाच आली नाहीं. त्याला हा धंदा ओंगळ वाटे, आपण एक प्रकारचे तुरुंगाधिकारी झालों आहों असें वाटे, आणि याहून दयेचें काम मिळावें म्हणून तो प्रार्थनाही करी. परंतु हें पाप आहे असें त्याला वाटलें नाहीं. सावकार, व्यापारी, सरकार, चर्च, सर्वच तो धंदा प्रतिष्ठित मानीत. शिव्या देणें, शब्बाथ मोडणें, दारू पिणें, हीं पापें त्याला लगेच दिसलीं, कारण तीं सर्वांनाच पाप म्हणून ठाऊक होतीं. गांवांत ज्याला कोणी पाप म्हणत नाहीं तें पाप डोळ्यांस दिसावयास फार वेळ लागतो. आपल्याकडे बाप्तिस्मा घेतल्यावरही जेवणाच्या पंगतींत जुनी जात पाहणारे कित्येक असत. त्यांनाही तें पाप वाटत नसे.

त्यानें धंदा सोडला तोही पश्चात्तापानें नव्हे. १७५४ त चौथ्या सफरीस निघण्याच्या दोन दिवस आधीं चहा पितां पितां तो एकाएकीं बेशुद्ध पडला. वैद्यांनीं समुद्रावर जाण्यास मना केली. पुढल्या वर्षीं त्याला लिव्हरपूलच्या बंदरावर जकातीचा अधिकारी नेमलें. तेथें तो नऊ वर्षें होता. गुलामांचीं तारवें जातांयेतां रोज पाहत होता. फावल्या वेळांत ग्रीक व हिब्रू शिकून त्यानें पाळकाच्या दीक्षेसाठीं अर्ज केला. तो पांच-सहा वर्षें नाकारला गेला, कारण त्याला विद्यापीठाची पदवी नव्हती. शेवटीं १७६४ त लॉर्ड डार्टमथ यांच्या शिफारशीवरून त्याला दीक्षा मिळाली, आणि बकिंगहॅम परगण्यांतील ओल्नी या गांवीं तो पाळक झाला. आतां यापुढें आपण त्यांस न्यूटनसाहेब म्हणूं.

ओल्नी हें गरिबांचें गांव. घरोघर बायका व मुलें दिवसभर वाकून लेस विणीत, आणि तरी पोट भरत नसे. न्यूटनसाहेब जुना निळा खलाशी कोट घालून घरोघर जात. जॉन थॉर्नटन नांवाचे एक धनिक त्यांस गरिबांसाठीं वर्षास दोनशें पौंड पाठवीत. देवळांत गर्दी मावेना म्हणून वरचा सज्जा बांधावा लागला. आठवड्यांतील प्रार्थनासभेसाठीं न्यूटनसाहेब नवीं गीतें रचूं लागले. तीं रचण्याची त्यांची रीत आपल्या उपदेशकांनीं पाहण्यासारखी आहे. आधीं शास्त्रपाठ घ्यावयाचा, आणि लेस विणणाऱ्या बाईस ओळ ऐकतांच कळेल अशा शब्दांत तो बांधावयाचा. मोठी कविता करण्याचा त्यांचा हेतु नव्हता. गीताला ठराविक चालही नसे. ज्याप्रमाणें आपल्याकडे एकच अभंग निरनिराळ्या चालींवर म्हणतात, त्याप्रमाणें त्या मापाच्या कोणत्याही चालीवर तें म्हणत.

या कामांत त्यांस एक सोबती मिळाला. १७६७ त विल्यम कूपर नांवाचे कवि ओल्नीस राहावयास आले. हे मोठ्या घराण्यांतले व फार कोमल मनाचे गृहस्थ. पूर्वीं एकदां वेड लागून त्यांनीं जीव देण्याचा प्रयत्न केला होता, आणि एका भाविक वैद्याच्या इस्पितळांत बरे होऊन त्यांस तारणाचा आनंद लाभला होता. दोघे मित्र रोज भेटत, गरिबांच्या घरीं बरोबर जात. दोघांनीं मिळून गीतांचें एक पुस्तक करावें असें ठरलें.

ता. १ जानेवारी १७७३ रोजीं नववर्षाच्या उपासनेंत न्यूटनसाहेबांनीं पहिल्या इतिहासाच्या सतराव्या अध्यायावर उपदेश केला. दावीद राजा परमेश्वरासमोर बसून, मी कोण आणि माझें घराणें काय कीं तूं मला येथवर आणिलेंस, असें आश्चर्य करितो, तो हा भाग. या उपदेशासाठींच त्यांनीं तें कृपेचें गीत रचिलें असें मानितात. त्यांत गाणारा आपली हीन दशा कबूल करितो, मागची वाट पाहतो, आणि पुढच्या वाटेसाठींही त्याच कृपेवर भिस्त ठेवितो. पंचवीस वर्षांपूर्वींच्या वादळाची आठवण त्यामागें आहे. परंतु त्यांत गुलामांविषयीं एक शब्द नाहीं.

आणि त्याच महिन्यांत कूपर पुन्हां वेडाच्या अंधारांत गेले. फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांस एक भयंकर स्वप्न पडलें. तुझा न्याय झाला, तूं नाश पावलास, असा शब्द आपण ऐकला अशी त्यांची खात्री झाली. पुढें त्यांनीं देवळांत पाऊल टाकिलें नाहीं. न्यूटनसाहेबांनीं त्यांस एक वर्षाहून अधिक काळ आपल्या घरीं ठेवून घेतलें. जवळ बसत, प्रार्थना करीत, समजूत घालीत. कांहीं उपयोग झाला नाहीं. कूपर पुढें सत्तावीस वर्षें जगले. कविता लिहिल्या, बागेंत फुलें लाविलीं, ससे पाळले. परंतु कृपा सर्वांसाठीं आहे, फक्त माझ्यासाठीं नाहीं, ही समजूत १८०० सालीं मरेपर्यंत गेली नाहीं. ज्यांच्या गीतांनीं हजारोंचें सांत्वन झालें, त्यांचें स्वतःचें झालें नाहीं. याचें कारण काय तें आम्हांस सांगतां येत नाहीं. न्यूटनसाहेबांनींही तें सांगण्याचा आव आणिला नाहीं; मित्र देवाचाच आहे हा भरंवसा त्यांनीं सोडला नाहीं, एवढेंच.

ठरलेलें पुस्तक १७७९ त निघालें. त्यांत ३४८ गीतें आहेत. त्यांपैकीं सुमारे २८० न्यूटनसाहेबांचीं, बाकीचीं कूपरांचीं. त्यानंतर लवकरच न्यूटनसाहेब लंडनांत सेंट मेरी वुलनॉथ या देवळाचे पाळक झाले.

सन १७८५ च्या डिसेंबरांत एक तरुण गृहस्थ गुपचूप त्यांस भेटावयास आला. कोणी पाहील या भीतीनें त्यानें दार ठोठावण्यापूर्वीं चौकास एक-दोन फेऱ्या घातल्या. हे पार्लमेंटचे सभासद विल्यम विल्बरफोर्स. त्यांच्या मनाचा पालट झाला होता, आणि राजकारण सोडून पाळक व्हावें काय असा त्यांस प्रश्न पडला होता. न्यूटनसाहेबांनीं त्यांस पार्लमेंटांतच राहावयास सांगितलें. दीड-दोन वर्षांतच विल्बरफोर्स यांनीं गुलामांचा व्यापार बंद करण्याचें काम हातीं घेतलें.

तेव्हां, म्हणजे १७८८ सालीं, वादळास चाळीस वर्षें आणि शेवटच्या सफरीस चौतीस वर्षें होऊन गेल्यावर, न्यूटनसाहेबांनीं आफ्रिकेच्या गुलामव्यापारावर एक लहान पुस्तक छापिलें. त्यांचें वय बासष्ट. ते मोठे नांवाजलेले पाळक. जुन्या गोष्टी विसरल्या गेल्या होत्या, आणि त्या उकरून काढण्यास कोणी त्यांस भाग पाडलें नव्हतें. पुस्तकाच्या आरंभींच त्यांनीं लिहिलें कीं, ही कबुली फार उशिरां येत आहे. ज्या धंद्याच्या आठवणीनें आज माझें काळीज कांपतें त्यांत मी स्वतः होतों. मग त्यांनीं काय काय पाहिलें तें सांगितलें : ते फडताळासारखे थर, त्या बेड्या, ते आंगठ्यांचे चाप, बायकांवरील अत्याचार. एका होडीवरल्या अधिकाऱ्यानें वर्षभराचें मूल रात्रीं रडतें म्हणून आईच्या हातांतून ओढून समुद्रांत फेंकलें, हीही गोष्ट त्यांत आहे. या पुस्तकाची प्रत पार्लमेंटच्या प्रत्येक सभासदास पाठविली गेली. त्याच वर्षीं राजाच्या प्रिव्ही कौन्सिलापुढें, आणि पुढें १७९० त कॉमन्स सभेच्या कमिटीपुढें, या वृद्ध पाळकानें साक्ष दिली. ही ऐकीव माहिती नव्हे. त्या खोलींत बसलेल्या पुष्कळांहून त्यांस ती अधिक ठाऊक होती, कारण हिशेबाची वही त्यांच्याच हातची होती.

कूपर यांनींही त्याच वर्षीं गुलामांच्या बाजूनें गाणीं लिहिलीं, आणि तीं रस्तोरस्तीं गाइलीं गेलीं. स्वतःस कायमचे दोषी ठरलेले समजणारे ते कवि दुसऱ्यांच्या सुटकेसाठीं लिहीत होते.

मेरीबाई १७९० च्या डिसेंबरांत कर्करोगानें वारल्या. त्यानंतर न्यूटनसाहेब सतरा वर्षें जगले. दृष्टि जवळजवळ गेली, कान मंद झाले, उपदेश करतां करतां विषय विसरूं लागला. १८०६ च्या ऑक्टोबरांत ट्रफाल्गारच्या लढाईंत मेलेल्यांच्या कुटुंबांसाठीं त्यांनीं शेवटचा उपदेश केला, तेव्हां आपण कशावर बोलत आहों याची त्यांस मधूनमधून आठवण द्यावी लागली. पुढल्या वर्षीं ता. २५ मार्च रोजीं ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामांचा व्यापार बंद करणाऱ्या कायद्यास राजाची संमति मिळाली. तें त्यांनीं ऐकलें. त्याच वर्षाच्या ता. २१ डिसेंबर रोजीं ते मरण पावले. प्रत्यक्ष गुलामगिरी बंद करणारा कायदा होण्यास आणखी सव्वीस वर्षें लागलीं.

त्यांचें तें गीत इंग्लंडांत फारसें गाइलें जात नसे; अमेरिकेंत मात्र तें पसरलें. हल्लींची चाल त्यास १८३५ त विल्यम वॉकर नांवाच्या गायनशिक्षकानें आपल्या पुस्तकांत जोडून दिली. दक्षिणेकडील गुलामांच्या व त्यांच्या वंशजांच्या मंडळ्यांत तें फार आवडतें झालें. टॉम काकाची गोष्ट सांगणाऱ्या १८५२ च्या प्रसिद्ध कादंबरींतही दुःखाच्या घटकेस तो गुलाम तेंच गातो. ज्यांच्या आजापणज्यांस अशाच तारवांतून नेलें, त्यांनीं तें गीत आपलें केलें.

आपल्या कबरेवरचा लेख न्यूटनसाहेबांनीं जिवंतपणींच लिहून ठेविला होता. पूर्वीं नास्तिक व स्वैराचारी, आफ्रिकेंत गुलामांचा चाकर, आणि ख्रिस्ताच्या दयेनें राखलेला, क्षमा केलेला व जो विश्वास मोडूं पाहत होता त्याच विश्वासाचा उपदेश करण्यास नेमलेला, असें त्यांनीं आपलें वर्णन केलें. कप्तान असल्याचा उल्लेख त्या दगडावर नाहीं. तो १७८८ च्या पुस्तकांत आहे. सन १८९३ त त्यांच्या व मेरीबाईंच्या शवपेट्या लंडनहून काढून ओल्नीच्या देवळाच्या आवारांत पुरल्या. तो लेखही तेथें कोरलेला आहे.